कडू की तुरट? आयपीए चाखताना होणारी गल्लत

आयपीएचा, म्हणजे इंडिया पेल एल या हॉप्सवाल्या कडसर बिअरचा, पहिला घोट घेऊन कुणी ‘लई कडू हाय बघ’ म्हणालं, की त्याला एकच विचारावं: कुठं लागलं? जिभेवर, की गालाच्या आतल्या बाजूला? कोल्हापुरात याचं उत्तर बहुतेक वेळा ‘सगळीकडंच, भावा’ असं येतं आणि घोळ तिथंच असतो. एका घोटात कडू आणि तुरट या दोन वेगळ्या गोष्टी येतात, पण पावती एकट्या कडूच्या नावानं फाडली जाते. आयपीएला कडू असण्याचा पूर्ण हक्क आहे. तुरट असण्याचा मात्र फारसा नाही.

आधी कडूपणाचं बघू. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी हिरवी फुलं. त्यांच्यात पिवळसर, चिकट राळ असते आणि त्या राळेत अल्फा आम्लं. ही आम्लं थंड पाण्यात धड विरघळत नाहीत. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, काढ्यात हॉप्स टाकून तासभर उकळले की या आम्लांची रचना बदलते आणि आयसो-अल्फा आम्लं तयार होतात. बिअरचा कडूपणा मुख्यतः त्यांचाच. मेन्यूवर किंवा कॅनवर जो आयबीयू (इंटरनॅशनल बिटरनेस युनिट, कडूपणाचं माप) आकडा असतो, तो ढोबळमानानं एका लिटरमधली अशी आम्लं मिलिग्रॅममध्ये सांगतो. साध्या अमेरिकन लागरचा (म्हणजे फिकट, हलक्या बिअरचा) आकडा 8 ते 18 असतो, तर अमेरिकन आयपीएचा 40 ते 70. म्हणजे लागरवर वाढलेल्या जिभेला पहिल्या घोटाला झटका बसणारच, त्यात बिअरचा काही दोष नाही.

कडूपणा ही खरीखुरी चव आहे. माणसाकडे कडू ओळखणारे सुमारे 25 प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात आणि हॉप्सची ही आम्लं त्यातल्या काहींना जाऊन चिकटतात. (कडू फक्त जिभेच्या मागच्या टोकाला कळतं, हा शाळेच्या पुस्तकातला नकाशा केव्हाच मोडीत निघालाय.) चांगल्या आयपीएत हा कडूपणा हळू चढतो, घोट गिळल्यावर वर येतो, थोडा रेंगाळतो आणि उतरतो. तो उतरला की तोंड मोकळं होतं, तोंडाला पाणी सुटतं आणि हात आपोआप ग्लासकडे जातो.

तुरटपणाची गोष्ट निराळी. आपल्या षड्रसांत कषाय म्हणून त्याला मानाचं पान आहे, पण आजचं शरीरशास्त्र त्याला मुख्यतः स्पर्शाच्या खात्यात टाकतं. हॉप्सच्या पाकळ्यांत आणि बार्लीच्या टरफलात टॅनिन, म्हणजे पॉलिफेनॉल असतात. लाळेतली जी प्रथिनं तोंडाला वंगण पुरवतात, त्यांना ही टॅनिन पकडतात. वंगण गेलं की जीभ टाळूला घासायला लागते, अर्धवट पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर होते तशी. तोंड कोरडं पडतं, गाल आत ओढल्यासारखे वाटतात, दातांवर पिठूळ थर बसल्यासारखा वाटतो. यात चव कमी आणि घर्षण जास्त. आपल्या गावाला हे पटायला जड जाऊ नये, कारण मिरचीचं तिखटही चवीच्या ग्राहकांतून येत नाही. ती जळजळीची जाणीव असते आणि तांबडा रस्सा ओरपून नाकातून पाणी आलेल्याला ती काही जिभेपुरती राहिलेली नसते.

आणखी एक फरक आहे आणि तो ओळखायला सगळ्यात उपयोगी. कडूपणा घोटागणिक सवयीचा होत जातो, तिसऱ्या घोटाला पहिल्याइतका दचकवत नाही. तुरटपणा साचत जातो. लाळ सावरायच्या आत पुढचा घोट आला की थरावर थर चढतो आणि अर्धा ग्लास संपेपर्यंत तोंड पार खरखरीत. म्हणून एका घोटावर निकाल देऊ नये. तीनेक घोट घ्यावेत आणि शेवटचा गिळल्यावर वीस-तीस सेकंद गप्प बसावं. हा गप्प बसण्याचा भाग मित्रमंडळींत सगळ्यात अवघड. मग जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागून टाळूवर आणि गालाच्या आतून फिरवून बघावं. जीभ सुळकन घसरली आणि मागे चव उरली, तर ते कडू. जीभ अडकत, घासत गेली तर तुरट. दोन्ही असेल तर दोन्ही आहे असं सरळ म्हणावं.

जीभ तयार करायला घरीच सोय होते. एका कपात टॉनिक वॉटर घ्या, त्यातलं क्विनाइन म्हणजे कडूपणा, थोडी साखर असते ती सोडून द्या. दुसऱ्या कपात पाण्यात तुरटीची अगदी कणभर पूड विरघळवा, चूळ भरा आणि थुंकून टाका. चव तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही तुरटपणाचा नमुना म्हणून तुरटी वापरतात. कोरा चहा दहा मिनिटं उकळूनही चालेल, फक्त त्यात कडू आणि तुरट एकत्र येतात. त्याच चहात म्हशीचं दूध घातलं की तुरटपणा गायब, कारण टॅनिन लाळेऐवजी दुधातल्या केसिन या प्रथिनाला जाऊन चिकटतात. रोज दुधाचा घट्ट चहा पिणाऱ्या आपल्या लोकांना तुरटपणा चटकन ओळखू येत नाही, त्यामागे हेही एक कारण असावं असा आपला माझा अंदाज.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. राजारामपुरीतल्या एका गच्चीवर आम्ही चौघे बसलो होतो, पुण्याहून आणलेले कॅन होते. एक दोस्त कडूला भितो, म्हणून त्यानं मुद्दाम हेझी आयपीए उचलली. गढूळ, आंबरसाच्या रंगाची, आयबीयू कमी. वास एकदम आंब्या-संत्र्याचा, स्वारी खूश. दोन घोटांनंतर तोंड वाकडं. ‘ही तर जास्तच कडू हाय की!’

कडू नव्हती. हेझी आयपीएत बरेचसे हॉप्स उकळताना न टाकता शेवटी, थंड बिअरमध्ये भिजत घालतात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. उकळी नाही म्हणून आयसो-अल्फा आम्लं फारशी बनत नाहीत, सुगंधी तेलं मात्र पुरेपूर उतरतात. पण हॉप्स ओतले भरमसाट, की त्यांच्या पाल्यातले पॉलिफेनॉलही मागोमाग उतरतात, शिवाय बिअरचा पीएच (आम्लतेचं माप) थोडा वर सरकतो, म्हणजे आंबटपणा कमी होतो, आणि चव जास्त बोचरी होते. हॉप्सचे बारीक कण खाली बसलेले नसले तर घशात जळजळही होते, तिला बिअरवाले हॉप बर्न म्हणतात. अशा वेळी आयबीयूचा आकडा बघून उपयोग नाही, तो तुरटपणाबद्दल अवाक्षर काढत नाही. या मित्राला अजून कमी आयबीयूची हेझी देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्याला माल्ट जरा जास्त असलेली, नितळ पेल एल द्यायला हवी होती. जळजळ फक्त कणांची असेल तर कॅन फ्रिजमध्ये आठवडाभर उभा ठेवून, न हलवता ओतला की फरक पडतो. महिनोन्‌महिने ठेवू नये, तोवर सुगंधच उडून जातो.

तुरटपणाची दुसरी वाट टरफलातून येते आणि तिथं चूक थेट बनवणाऱ्याची. माल्टमधली उरलीसुरली साखर काढायला वरून गरम पाणी ओतून तो धुतात. ते पाणी साधारण 77 अंश सेल्सिअसच्या वर गेलं किंवा धुता धुता पीएच 6 च्या आसपास चढला, की साखरेबरोबर टॅनिनही सुटून येतात. शेवटचा थेंबही सोडायचा नाही या हावेपोटी हे बऱ्याचदा होतं. या दोन्ही वाटा नसाव्यात अशी शंका आली तर फेस बघा: गॅस जास्त असेल तर जो चावा बसतो तोही तुरट भासतो. ग्लास जरा फिरवून गॅस उडवला की तो जातो, टॅनिन जात नाहीत. सल्फेट जास्त असलेलं पाणी कडूपणाला धार देतं, पण त्यानं तोंड कोरडं पडलं तरी जीभ घासत नाही.

स्पर्धांत परीक्षक बीजेसीपीची (बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी अमेरिकन संस्था) 50 गुणांची पत्रिका वापरतात: वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकूण ठशाला 10. कडूपणाचा हिशोब चवीच्या 20 मध्ये, तुरटपणाचा जाणिवेच्या 5 मध्ये. कागदावर तुरटपणा स्वस्तात सुटतो असं वाटेल, पण तोंड कोरडं करणाऱ्या बिअरला एकूण ठशाचे गुण कोण देणार? मला विचाराल तर हे 5 गुण कमीच आहेत.

चाखायच्या आधी मिसळ नको. मिरची, अल्कोहोल आणि गॅस तिघं मिळून अशी आग लावतात की बाकी काहीच कळत नाही. बिअर बर्फगार नको, फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा, वास खुलतो. चाखून झालं, लिहून झालं, की मग पांढरा रस्सा खुशाल मागवा. नारळाच्या दुधातली चरबी तोंडाला पुन्हा वंगण लावते आणि तुरट आयपीएसुद्धा त्याच्यासोबत बरी लागते. म्हणूनच तो आधी घ्यायचा नाही.