पॅनेलची जुळणी (एम्ब्रॉयडरी मशीन)

व्यावसायिक एम्ब्रॉयडरी मशीनवर नक्षी चढवताना वेग, रंगक्रम, फ्रेमची (कापड ताणून धरणाऱ्या चौकटीची) जागा, दोरा कापण्याचा नियम वगैरे गोष्टी नियंत्रण पॅनेलवरून ठरवण्याचे काम. कारखान्यात याला नुसते ‘सेटिंग’ म्हणतात.

जुळणी लागते, कारण नक्षीच्या फाइलला सगळे ठाऊक नसते. सर्वांत रुळलेली डीएसटी फाइल मूळची ताजिमा या जपानी कंपनीची. आज बारुदान या दुसऱ्या जपानी कंपनीपासून दाहाओ पॅनेलच्या चिनी मशीनपर्यंत बहुतेक यंत्रे ती वाचतात. सुईने कुठून कुठे जायचे हे तिच्यात ०.१ मिलिमीटरच्या मापाने नोंदलेले असते. कापड जॉर्जेट आहे की डेनिम, हे मात्र तिला माहीत नसते. रंगही नसतो, रंग बदलायचा तिथे फक्त थांबण्याचा इशारा असतो. प्रत्येक सुईत वेगळ्या रंगाचा दोरा असतो. त्या इशाऱ्यानंतर चौथी सुई की सातवी, हे ऑपरेटर पॅनेलवर भरतो. हा क्रम चुकला तर मोराची मान लाल होते, आणि वीस हेडची (एकच नक्षी एकाच वेळी शिवणाऱ्या वीस डोक्यांची) मशीन असेल तर वीस मोरांची. (फाइल बनवण्याला अजून ‘पंचिंग’ म्हणतात, भोके पाडलेली कागदी पट्टी गेली, शब्द राहिला.)

वेग मिनिटाला किती टाके या हिशेबात मोजतात. १,००० च्या वेगाला मुख्य शाफ्टचा (सुई चालवणाऱ्या दांड्याचा) एक फेरा, म्हणजे एक टाका, ६० मिलिसेकंदांत होतो, ६०० ला १०० मिलिसेकंदांत. फ्रेमला हलायला यातला काही भागच मिळतो, कारण सुई कापडाबाहेर असतानाच ती सरकली पाहिजे. म्हणून टाका लांब असेल तर मशीन आपोआप हळू होते. फ्रेम शाफ्टच्या कोणत्या अंशावर हलू लागावी, हेही अनेक पॅनेलवर बदलता येते. जाड कापडातून सुई उशिरा सुटते. तिथे फ्रेम लवकर हलली की सुई वाकते किंवा मोडते. जरीच्या दोऱ्याला वेग उतरवावाच लागतो. मालकाला ते आवडत नाही, कारण जॉबवर्कचा दर हजार टाक्यांवर असतो. पण तुटलेला दोरा ओवण्यात जाणारा वेळ धरला तर हळू चालवणेच बहुधा परवडते.

खरी गोम दोरा कापण्याच्या सेटिंगमध्ये आहे. डीएसटीमध्ये ‘काप’ असा वेगळा हुकूमच नाही. सलग काही जंप (टाका न घालता मारलेल्या उड्या) आल्या, बहुधा तीन, की मशीनने ते कापणे समजायचे, असा संकेत आहे. पॅनेलवरचा आकडा पंचिंग करणाराने धरलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. तो फार लहान ठेवला तर मशीन जागोजागी थांबून कापत बसते. फार मोठा ठेवला तर फुलाफुलांमध्ये दोरे लोंबतात आणि ते हातकात्रीने काढावे लागतात. सुरतेत हे धागा कटिंगचे काम बऱ्याच बायका घरी नेऊन करतात. तिथल्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून गेलेली मराठी वस्ती मोठी आहे.

दोरा तुटल्याची चाहूल घेणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलताही अशीच नाजूक. ती वाढवली तर दोरा शाबूत असताना मशीन थांबते, कमी केली तर रिकामी सुई पुढे शिवत राहते. एका हेडचा दोरा तुटला तरी सगळी हेड थांबतात. मग फ्रेम काही टाके मागे नेऊन फक्त त्या हेडकडून राहिलेला भाग भरून घेतात.

रंग बदलताना शाफ्ट १०० अंशांच्या थांब्यावर नसेल तर अनेक मशीन पुढचे काम नाकारतात. तेव्हा शाफ्ट फिरवून जागेवर आणावा लागतो. नवी नक्षी सुरू करण्यापूर्वी ‘ट्रेस’ देऊन फ्रेम नक्षीच्या कडेने फिरवून पाहणे टाळू नये. सुई फ्रेमच्या पट्टीवर आदळली तर नुकसान सुईपुरते राहील याची खात्री नसते.

पॅनेलवर नक्षी लहानमोठी करता येते, पण टाक्यांची संख्या सहसा तीच राहते. मोठी केली की भरण विरळ दिसते, लहान केली की टाके दाटून कापड कडक होते. साधारण दहा टक्क्यांपलीकडचा बदल पंचिंगमध्येच करावा.

दोऱ्याचा ताण मात्र सर्वसाधारण मशीनवर पॅनेलच्या हाती नसतो. वरचा ताण हेडवरच्या चकत्यांनी आणि खालचा, खालच्या दोऱ्याची रीळ धरणाऱ्या बॉबिन केसच्या स्क्रूने जुळवतात. साटीन टाक्याच्या (पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या दाट टाक्याच्या) उलट बाजूला मधोमध सुमारे एक तृतीयांश रुंदीत बॉबिनचा दोरा दिसला तर ताण बरोबर. तो बिघडलेला असताना पॅनेलवरचे आकडे बदलत बसणे ही नवख्या ऑपरेटरची नेहमीची चूक आहे. अनेक पॅनेलवर यंत्राचे मूळ आकडे पासवर्डमागे ठेवलेले असतात. ते बदलण्याआधी जुने आकडे वहीत उतरवून ठेवतात.