चोणकाला सुतळीएवढी दोरी लागत नाही

"मोठा चोणक हवा तर दोरी सुतळीएवढी जाड लाव," असं गोव्यात मांडवी-जुवारीच्या काठावर वर्षानुवर्षं सांगतात. चोणक म्हणजे रायगडकडचा जिताडा मासा. पण हा सल्ला साफ चुकीचा आहे. जाड दोरी लांब फेकली जात नाही, प्रवाहात कमानीसारखी वाकते आणि आमिष जागेवरून ओढून नेते.

चोणकाला कापणारे दात नसतात. तोंड काचकागदासारखं खरखरीत, पण कल्ल्याच्या झाकणाची कड मात्र पात्यासारखी. म्हणून जाड हवा तो फक्त शेवटचा हातभर लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरीचा तुकडा, ५०-६० पौंड ताण सोसणारा. मूळ ब्रेडेड (विणलेली) दोरी ३० पौंडांची पुरे. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ताण आला की दोरी सुटू देणारा ब्रेक, तिच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवा: दोरीच्या टोकाला ताणकाटा अडकवून ओढा, साडेचार किलोच्या आसपास रीळ कर्र करत सुटलं पाहिजे.

खरी मेख जागेत आहे. ओहोटीला मानशीची (बांधातल्या पाणदाराची) दारं उघडून खाजनातलं, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीतलं, पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी नि शेवटे मासेही. चोणक भर धारेत नाही, धारेच्या कडेच्या संथ पाण्यात दबा धरून असतो. आमिष तिथेच टाका. गळाला लागल्यावर त्याने उडी मारली की दांडी खाली झुकवा.

आणि मीटरभराचा चोणक बहुधा मादीच. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. मी ती परत पाण्यात सोडतो.