ड्रायव्हर कर्नलबाहेर नेताना: यूआयओपासून व्हीएफआयओपर्यंत

लिनक्समध्ये कर्नलबाहेरून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याबाहेरच्या साध्या प्रोग्राममधून (यूजर स्पेसमधून), हार्डवेअर हाताळणं नवं नाही. पडद्यावर खिडक्या-चित्रं दाखवणारा एक्स सर्व्हर वर्षानुवर्षं तेच करत होता: रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालायचा, आयओपीएल कॉलने हार्डवेअरचे पोर्ट उघडून घ्यायचा आणि भौतिक मेमरीची फाइल एममॅप करून (आपल्या मेमरीत जोडून घेऊन) ग्राफिक्स कार्डाच्या रजिस्टरांत थेट लिहायचा. नावाला यूजर स्पेस, पण तो कोसळला की पडदा काळा आणि कीबोर्ड ठप्प. शेवटी २००९ मध्ये, कर्नल २.६.२९ पासून, इंटेल ग्राफिक्सचं पडद्याचा मोड (रिझोल्यूशन वगैरे) बदलण्याचं काम उलट कर्नलमध्ये गेलं.

मायक्रोकर्नलचा, म्हणजे कर्नल छोटा ठेवून ड्रायव्हर वगैरे बाहेर काढण्याचा, वाद त्याआधीचा. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्ते टॅनेनबॉम आणि लिनक्सचे कर्ते टोरवाल्ड्स यांच्यात तो जुंपला, तेव्हा खुद्द मिनिक्सचेही ड्रायव्हर कर्नलमध्येच जोडलेले होते. ते बाहेर आले २००५ च्या मिनिक्स ३ मध्ये. अशा चर्चेत वेगाचा मुद्दा सगळ्यात आधी निघतो. ड्रायव्हर खरोखर बाहेर काढायला बसलं की मात्र आधी इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक) आडवा येतो, मग डीएमए (कार्डाने प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिणं-वाचणं).

जुन्या पीसीआय कार्डाची इंटरप्ट लाइन एकदा ओढली की कार्डाला सांगेपर्यंत सुटत नाही. ते सांगायचं काम प्रोसेसवर सोपवलं, तर हँडलर (कर्नलमधला इंटरप्ट घेणारा कोड) संपताच तोच इंटरप्ट पुन्हा येतो आणि प्रोसेसची पाळी येतच नाही. एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले, की लिनक्स ती लाइनच बंद करतो. मग त्या लाइनवरचं दुसरं, निर्दोष कार्डही अडकतं.

ऑक्टोबर २००७ मध्ये, २.६.२३ मध्ये आलेल्या यूआयओ या यूजर स्पेस ड्रायव्हरांसाठीच्या कर्नलच्या सोयीने यावर तडजोड काढली. इंटरप्ट आपलाच आहे का ते बघून तो दाबायचा, एवढंच कर्नलमधलं छोटं मॉड्यूल करतं. बाकी सगळं बाहेर. यूआयओची फाइल उघडून एममॅप करताना ऑफसेट म्हणजे मॅपिंगचा क्रमांक गुणिले पानाचा आकार, म्हणजे ४ केबी पानांवर मॅपिंग १ साठी ४०९६. त्याच फाइलीतून बरोबर ४ बाइट वाचायचे. वेगळी लांबी दिली तर चूक परत येते. हाती येतो तो इंटरप्टांचा एकूण आकडा. मागच्या वाचनापेक्षा तो एकाहून जास्त वाढला असेल, तर मधले तुमच्याकडून सुटले. यूआयओच्या जेनेरिक पीसीआय मॉड्यूलमध्ये इंटरप्ट पुन्हा सुरू करायला कार्डाच्या कॉन्फिग फाइलीतला ५ क्रमांकाचा बाइट वाचून त्यातला ०x४ हा बिट काढून परत लिहावा लागतो. हे राहिलं की पहिला इंटरप्ट येतो आणि पुढे शांतता.

डीएमएला यूआयओने हातच लावला नाही. डीपीडीके (नेटवर्क पॅकेटं कर्नलला वगळून झपाट्याने हाताळणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांना तर डीएमएच हवा होता, कारण १० गिगाबिटवर ६४ बाइटांची पॅकेटं सेकंदाला १.४८८ कोटी येतात, म्हणजे एकेकाला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. एवढ्यात पॅकेटागणिक इंटरप्ट परवडत नाही, म्हणून एक अख्खा कोर सतत रांग तपासत राहतो. बफर २ एमबी किंवा १ जीबीच्या ह्यूजपेजमध्ये (मेमरीच्या मोठ्या पानांत) आणि त्यांचे भौतिक पत्ते पेजमॅप फाइलीतून. यात डिस्क्रिप्टरमध्ये (कार्डाला बफरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदीत) एक पत्ता चुकला, तर कार्ड भलत्याच मेमरीवर लिहितं. सेगफॉल्ट (चुकीच्या पत्त्यामुळे प्रोग्राम तिथेच पडणं) नाही, लॉग नाही. तासाभराने दुसराच प्रोग्राम पडतो आणि शोध भलतीकडे सुरू होतो. ड्रायव्हर वेगळ्या प्रोसेसमध्ये आहे म्हणून सुरक्षित, हे इथे सपशेल खोटं ठरतं.

त्यावरचा खरा उपाय आला २०१२ मध्ये, कर्नल ३.६ मधल्या व्हीएफआयओ या नव्या सोयीने. व्हर्च्युअल मशीनला कार्ड थेट देण्याच्या गरजेतून तो घडला. डीएमएचे पत्ते आता आयओएमयूमधून (कार्डांचे मेमरी पत्ते तपासणाऱ्या हार्डवेअरमधून) जातात, आणि मॅप न केलेल्या पत्त्यावरचं लिखाण तिथेच अडतं; डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) फॉल्टची ओळही दिसते. इंटरप्ट इव्हेंटएफडीवर (प्रोग्रामला घटना कळवणाऱ्या फाइल डिस्क्रिप्टरवर) येतात, एमएसआय-एक्स (लाइनऐवजी संदेशाने येणारे) सुद्धा. सुरुवातीला मात्र दोन गोष्टी अडवतात. एकाच आयओएमयू गटातलं (आयओएमयूला एकमेकांपासून वेगळं करता न येणाऱ्या कार्डांच्या गटातलं) शेजारचं कार्ड नेहमीच्या ड्रायव्हरकडे असेल तर गट मिळत नाही. त्यालाही मोकळं करावं लागतं. आणि रूट नसताना मेमलॉकची (प्रोसेसला रॅममध्ये किती मेमरी पक्की अडकवून ठेवता येते, त्याची) मर्यादा बफरांपेक्षा कमी असेल, तर मॅप करताना मेमरी नसल्याची चूक येते, मोकळी रॅम कितीही असो.

ज्या मशीनवर आयओएमयू नाही, तिथल्यासाठी २०१६ मध्ये ४.५ ने विनाआयओएमयू मोड दिला. त्याच्या पॅरामीटरच्या नावातच 'अनसेफ' आहे आणि तो वापरला की कर्नल स्वतःवर टेंटची, म्हणजे 'आता माझ्यावर पूर्ण भरवसा नको' अशी, खूण करून ठेवतो.