४२९४९६७२९७ आणि फर्माची हुकलेली पैज

२ चा ३२ वा घात कॉम्प्युटरवाल्यांना तोंडपाठ असतो, ४२९४९६७२९६, कारण ३२ बिटमध्ये एवढ्याच वेगवेगळ्या व्हॅल्यू बसतात. त्यात फक्त १ मिळवा, की जी संख्या येते तिची भानगड कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची, थेट १६४० ची आहे.

फर्मा हा फ्रान्समधल्या तुलूजचा, नोकरी कोर्टात आणि नाद गणिताचा. त्याने बघितलं की २ चा घात घेऊन, घातांक १, २, ४, ८, १६ असा डबल करत नेला आणि दरवेळी १ मिळवला तर ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात. पाचच्या पाच मूळ संख्या! मग पुढच्याही सगळ्या मूळच असणार असं त्याने धरून चाललं, पत्रांतून लोकांना तसं कळवलंही, सिद्धता मात्र नाही म्हणून कबुली देत. सहावी संख्या म्हणजे आपली ४२९४९६७२९७.

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रात हे विचारलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने सांगितलं की हिला ६४१ ने भाग जातो, ६४१ × ६७००४१७. संपला विषय.

आता हे नुसतं रट्टा भागाकार करून सापडलं असेल असं वाटतं, पण तेवढीही गरज नाही. ऑयलरनेच पुढे सिद्ध केलं की हिचा मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवलेला असाच असू शकतो, म्हणजे तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्याच फटक्यात काम झालं. कागदावर पडताळायचं तर अजून सोपं: ६४१ म्हणजे ६२५ + १६, आणि ६४१ म्हणजेच ५ × १२८ + १. २ चा ३२ वा घात = १६ × २ चा २८ वा घात, त्यातल्या १६ च्या जागी ६४१ − ६२५ टाका, की उरतं ६४१ ची एक पट वजा ६४० चा चौथा घात. ६४० ला ६४१ ने भागलं तर बाकी −१ धरा, तिचा चौथा घात १, म्हणजे ती वजाबाकी −१ वर येते आणि आपण मिळवलेल्या १ ने शून्य.

मला खरं नवल याचं वाटतं की फर्माकडे ही युक्ती जवळपास होतीच. त्याच १६४० साली त्याने २ चा ३७ वा घात वजा १ ला २२३ ने भाग जातो हे असेच अवयवांचे प्रकार आधी गाळून शोधलं होतं, तीच चाळणी इथे नीट लावली असती तर संध्याकाळभराचं काम होतं. लावली आणि कुठेतरी हिशोब चुकला की लावलीच नाही, कोण जाणे.

अजून एक गंमत, त्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार बरोबर ४२९४९६७२९५ येतो, आपल्या संख्येपेक्षा २ ने कमी. १७९६ मध्ये गाउसने १७ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो हे दाखवलं तेव्हापासून या पाच जणांना भाव आला, आणि तसा काढता येईल असा विषम बाजूंचा माहीत असलेला सगळ्यात मोठा बहुभुज याच गुणाकाराएवढ्या बाजूंचा.

सहाव्या संख्येनंतरच्या सलग २७ संख्याही मूळ नाहीत हे आता पक्कं झालंय. त्यातल्या दोघींचा तर एकही अवयव अजून कोणाला सापडलेला नाही, १८७७ ची पेपाँची कसोटी, जी अवयव न शोधताच अशी संख्या मूळ आहे की नाही ते सांगते, ती लावून त्या नापास झाल्यात, एवढंच.