तुवालू : प्रवास आणि पाणी

तुवालू हे दक्षिण प्रशांत महासागरातील पॉलिनीशियन राष्ट्र नऊ प्रवाळबेटांचे असून त्याचे एकूण क्षेत्रफळ जेमतेम २६ चौ. किमी. आहे, एकट्या सोलापूर शहराच्या हद्दीत हा सगळा देश सहा वेळा मावेल. लोकसंख्या सुमारे ११,०००. नावाचा अर्थ ‘एकत्र उभे असलेले आठ’ असा होतो. नियुलाकिता हे नववे बेट उशिरा वसले, त्यामुळे ते मोजणीतून सुटले. ब्रिटिश अमदानीत ‘एलिस बेटे’ या नावाने गिल्बर्ट बेटांना जोडलेला हा प्रदेश १९७४ च्या सार्वमतानंतर वेगळा झाला, १ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वतंत्र झाला आणि २००० साली संयुक्त राष्ट्रांचा सदस्य बनला. जगात सर्वांत कमी पर्यटक जाणाऱ्या देशांत त्याची गणना होते.

सोलापूरहून निघालेल्या प्रवाशाला आधी मुंबई गाठून सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे फिजीतील नांदी येथे उतरावे लागते. (नकाशावर हे नाव ‘नाडी’ असे वाचले जाते, पण फिजीच्या भाषेत ‘ड’पूर्वीचा अनुनासिक न लिहिताच उच्चारतात.) १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज फिजीत मोठ्या संख्येने असल्याने हिंदी बोलण्याची आणि डाळभात मिळण्याची सोय येथपर्यंत असते. घरून नेलेली कडक भाकरी व शेंगाचटणी फिजीच्या प्रवेशपत्रात न चुकता नोंदवावी, कारण खाद्यपदार्थांची जैवसुरक्षा तपासणी तेथे काटेकोर असते. फिजीची राजधानी सुवा येथून हजारावर किलोमीटर उत्तरेला असलेल्या राजधानीच्या फुनाफुती बेटापर्यंतची विमाने आठवड्यातून मोजकीच. त्यामुळे मुक्काम किती दिवसांचा, हे प्रवाशापेक्षा वेळापत्रकच ठरवते.

फुनाफुतीची धावपट्टी अमेरिकी नौदलाने दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली बांधली. फोंगाफाले हा मुख्य भूभाग सुमारे १२ किमी. लांब, पण कुठे २० मीटर तर कुठे ४०० मीटर रुंद असल्याने त्यातला सर्वांत ऐसपैस तुकडा या पट्टीनेच अडवला आहे. साहजिकच गावाचे मैदानही तीच. विमान येण्याआधी भोंगा वाजतो आणि माणसे, कुत्री, दुचाक्या बाजूला होतात. विमान निघून गेल्यावर, उन्हे उतरली की त्याच डांबरावर व्हॉलीबॉलचे जाळे बांधले जाते, मुले फुटबॉल खेळतात आणि उकाड्याच्या रात्री काही कुटुंबे चटया अंथरून तेथेच झोपतात. होम मैदानाची सवय असलेल्या सोलापूरकराला यात नवल वाटेल ते फक्त विमानाचे.

नवलाची खरी गोष्ट पाण्याची. वर्षाला सुमारे ३,००० मिमी., म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या सरासरीच्या पाचपट पाऊस पडूनही या देशात एकही नदी नाही आणि ओढाही नाही. प्रवाळाची जमीन सच्छिद्र असल्याने पाणी थेट खाली झिरपते व खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. त्यामुळे छपराच्या पन्हळीतून टाकीत साठवलेला पाऊस हाच पिण्याच्या पाण्याचा आधार. २०११ च्या अखेरीस काही महिने पावसाने ओढ दिली, तेव्हा आणीबाणी जाहीर करून पाणी मोजून वाटावे लागले. नळाला पाणी किती दिवसांआड येते यावर बॅरल आणि हौद यांचा हिशेब ठेवणाऱ्या घरातील माणसाला येथे आंघोळ किती पाण्यात करावी हे शिकवावे लागत नाही. पाहुणा ज्या घरात उतरतो त्या घरच्या टाकीचाही तो पाहुणा असतो. पुलाका हे अळवाच्या जातीचे थोराड कंदपीक गोड्या थरापर्यंत खोल खणलेल्या खड्ड्यांत लावतात. भरती मोठी असली की खारे पाणी किनारा ओलांडून नव्हे तर जमिनीतूनच वर येते आणि या खड्ड्यांतील पीक बिघडते. सर्वोच्च जागा समुद्रसपाटीपासून पाच मीटरही उंच नसलेल्या या देशाने २०२३ साली ऑस्ट्रेलियाशी केलेल्या करारानुसार दरवर्षी २८० नागरिकांना तेथे वास्तव्याची वाट मोकळी झाली आहे.

फुनाफुतीसारखी कंकणाकृती बेटे बुडत्या ज्वालामुखीवर प्रवाळ चढत जाऊन बनतात, हे डार्विनचे मत तपासण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ दरम्यान फुनाफुतीवर भोक पाडले. सुमारे ३४० मीटर खोल जाऊनही ज्वालामुखीचा खडक लागला नाही. मात्र उथळ पाण्यातच वाढणारे प्रवाळ इतक्या खोलवर सापडल्याने डार्विनच्या बाजूला बळ मिळाले.

आहारात मासे, नारळ, विलायती फणस आणि आयात तांदूळ यांचा भरणा असल्याने शाकाहारी माणसाने शिधा सोबत ठेवलेला बरा. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर असून देशातील पहिली एटीएम यंत्रे २०२५ मध्ये बसली. तोवर सर्व व्यवहार रोखीचे होते. रविवारी चर्चखेरीज फारसे काही चालत नाही आणि वस्तीत तोकड्या कपड्यांत फिरणे अशिष्ट मानतात. ‘फातेले’ या समूहनृत्यात लाकडी खोक्याभोवती बसलेले पुरुष तळहातांनी ठेका धरतात व लय वाढत जाऊन एकाएकी थांबते.

फुनाफुतीच्या खाजणातील, म्हणजे बेटांच्या कड्याने वेढलेल्या समुद्रातील, सहा बेटुकल्यांसह ३३ चौ. किमी.चा संरक्षित भाग होडीने पाहता येतो. इतर बेटांना विमानसेवा नाही. सरकारी जहाज जाते, पण परतीचा दिवस हवामानावर आणि मालावर अवलंबून असल्याने फिजीचे विमान चुकण्याचा धोका असतो, म्हणून बहुतेक प्रवासी फुनाफुती पाहूनच परततात.