कॅमेरा तालमीच्या हॉलपर्यंत कसा पोचला

बॅलेचा प्रयोग असला की मुंबईतले फोटोग्राफर स्टेजसमोरची जागा धरतात. मला मोलाची वाटते ती त्याआधीची तालीम. बोटांना गुंडाळलेल्या पट्ट्या, घामाने भिजलेला टीशर्ट आणि जमेपर्यंत घेतलेली तीच ती उडी. नाच घडतो तो इथे, आणि इथवर पोचायला कॅमेऱ्याला बराच काळ लागला.

१८६० च्या दशकात पॅरिसच्या ऑपेरातल्या नर्तकींचे फोटो निघत, पण स्टुडिओत. ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे रसायन लावून ओली असतानाच वापरायच्या काचेला काही सेकंदांचं एक्स्पोजर लागायचं, तेवढा वेळ हलायची सोय नव्हती. त्यामुळे नाचाचा फोटो म्हणजे नाच थांबवून काढलेला फोटो. तालमीचं खरं रूप दाखवलं ते चित्रकार एदगार देगाने: पाठ खाजवणाऱ्या, बूट बांधणाऱ्या, कंटाळून बसलेल्या मुली. १८९५ च्या सुमारास त्याने कॅमेराही हाताळला. त्या काळातल्या, एका नर्तकीच्या तीन काचेच्या निगेटिव्ह उपलब्ध आहेत; त्यातही ती पोज देऊनच उभी आहे.

१९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि कॅमेरा हातात मावू लागला. अलेक्सी ब्रोडोविच या रशियात जन्मलेल्या कला-दिग्दर्शकाने १९३५ ते १९३७ या काळात ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने रशियन बॅले कंपन्यांचे फोटो काढले, तालमी आणि विंगेतले क्षणसुद्धा. फ्लॅश नाही, कडा विरघळलेल्या, फिल्मचे दाणे मोठे. १९४५ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. हललेला फोटो म्हणजे बिघडलेला फोटो, ही समजूत त्याने मोडली.

मुंबईत बॅलेची ओळख जुनी आहे. रशियन बॅले नर्तकी अ‍ॅना पावलोव्हा १९२२-२३ च्या दौऱ्यात इथे नाचून गेली. १९२३ मध्ये लंडनला तिच्यासोबत राधा-कृष्ण नृत्य केलं ते उदय शंकर यांनी. पुढे त्यांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रातून आलेले शांती बर्धन अंधेरीत इप्टाच्या (भारतीय जननाट्य संघाच्या) मध्यवर्ती पथकाची नृत्यं बसवू लागले. १९५२ मध्ये त्यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला. आपल्या मालवणचे पार्वतीकुमार याच शहरात बॅले बसवत होते, सचिन शंकर यांचं बॅले युनिटही इथलंच. बोटांच्या टोकांवर उभं राहायचे पॉइंट शूज नव्हते, पण एक गोष्ट अनेक नर्तकांनी मिळून शब्दांवाचून सांगायची हा बाज बॅलेचाच.

बर्धन यांच्या ‘रामायण’ची गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्यात नर्तक कळसूत्री बाहुल्या होतात. चेहऱ्यावर मुखवटा, आणि दोरीने ओढल्यासारखे तुटक हातपाय. प्रयोगाच्या फोटोत म्हणूनच माणसाचा चेहरा येत नाही. लाकडासारखं ताठ राहताना जबडा कसा आवळला जातो, श्वास कुठे रोखला जातो, हे मुखवट्याविना चाललेल्या तालमीतच दिसणार. माझ्या पाहण्यात आलेले त्या पिढीचे फोटो बहुतेक वेशभूषेतले आहेत, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते.

शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य बॅलेकडे लोकांचं लक्ष वळलं ते अलीकडे. येहूदा माओर या शिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या मुंबईकर मुलांपैकी अमीरुद्दीन शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. या मुलांच्या वाटचालीवरून २०२० मध्ये सिनेमा आला. दिग्दर्शिका सूनी तारापोरवाला, मूळच्या फोटोग्राफर.

आज फोन घेऊन कुणीही तालमीला जाऊन बसतं. दोन गोष्टी मात्र आधी कळायला हव्यात. पहिली फ्लॅशची. गिरकी घेताना नर्तकी नजर एका बिंदूवर खिळवते, अंग फिरतं आणि डोकं सर्वांत शेवटी झटक्यात फिरून पुन्हा त्याच बिंदूवर येतं. त्या क्षणी डोळ्यांत लख्ख उजेड पडला तर तोल जातो, घोटाही मुरगळू शकतो. दुसरी ट्यूबलाइटची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर फार वेगवान ठेवलं की फोटोत काळपट पट्टे येतात. १/१०० सेकंदावर ते जवळजवळ जातात, पण हा वेग उडीला अपुरा वाटतो. तिथे नजर तयार हवी: जागच्या जागी घेतलेली उडी शिगेला पोचते तेव्हा अंग क्षणभर ना वर जात असतं ना खाली. बटण तिथे दाबलं तर धड स्पष्ट येतं आणि हात जरासे हललेले. ती वेळ साधायची तर संगीताच्या मात्रा पाठ हव्यात, आणि त्या पाठ होतात तालमीला रोज जाऊन बसल्यावर.