जीपीएसशिवाय दिशा: आमचा आभाळ-सेन्सर किती अचूक, आणि कुठे घेऊ नका

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण मागच्या सीझनला काही जणांचा गैरसमज झाला होता. हा सेन्सर तुम्ही कुठे आहात ते सांगत नाही, तुमच्या द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरचं किंवा फवारणीच्या ब्लोअरचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगतो, म्हणजे तो जीपीएसचा भाऊ नाही, होकायंत्राचा भाऊ आहे. मग साधं होकायंत्रच का नको? कारण ते ट्रॅक्टरच्या लोखंडाशेजारी बसवलं की भरकटतं, आणि आपल्या नाशिकच्या काळ्या दगडातही लोहचुंबकी खनिज असतं, त्याचाही कुठेकुठे त्रास होतो.

आभाळातून दिशा कशी कळते, तर सूर्याचा उजेड हवेच्या कणांवर विखुरला की त्याची कंपनं एका विशिष्ट दिशेत जास्त होतात, यालाच पोलराइज्ड लाइट म्हणतात, आणि सूर्यापासून बरोबर काटकोनात असलेल्या पट्ट्यात हे सगळ्यात जोरात असतं, स्वच्छ आभाळात ७० टक्क्यांच्या आसपास. आमच्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. सकाळी गच्चीवर जा, पोलराइज्ड गॉगल हातात घ्या (डोळ्यावर नको, फिरवायचाय), तर्जनी सूर्याकडे आणि अंगठा काटकोनात धरून मनगट फिरवा, अंगठा जिथे जिथे दाखवेल तो पट्टा. तिथलं आभाळ काचेतून बघत गॉगल हळूहळू गोल फिरवला की निळा रंग गडद होतो, परत फिका होतो. सूर्य क्षितिजावर असताना हा पट्टा बरोब्बर डोक्यावरून जातो. आमचा सेन्सर हेच फिल्टरने मोजतो आणि तारीख-वेळेवरून सूर्य कुठे असायला हवा त्याच्याशी जुळवतो.

आयडिया आमची नाही, मधमाशीची आहे. मधमाश्या आभाळाचा हा पॅटर्न वापरतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ ला दाखवलं, सहारातली वाळवंटी मुंगीही घरी परतताना याचाच आधार घेते. २०१९ ला फ्रान्समधल्या संशोधकांनी मुंगीसारखा सहा पायांचा रोबो केला, त्याच्या आभाळ-होकायंत्राची चूक अर्ध्या अंशाच्या आत होती. तो आकडा त्यांच्या मशीनचा आहे, आमच्या डब्याचा म्हणून कोणी सांगितला तर ऐकू नका!

आता बागेचा हिशोब. दिशेत १ अंशाची चूक असेल तर १०० मीटरच्या ओळीत शेवटी पावणेदोन मीटर बाजूला जाता, अर्धा अंश असेल तर साधारण ८७ सेंटीमीटर. ९ फुटांच्या ओळीत म्हणजे पावणेतीन मीटरमध्ये ब्लोअर घालायचा, तर १ अंशावर थेट वेलात. म्हणून नुसत्या सेन्सरवर कधीच सोडू नका, चाकाचे फेरे मोजणारा एन्कोडर लागतोच, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला पुन्हा जुळवून घ्यायचं. ओल्या मातीत चाक घसरलं की तो हिशोबही चुकतो, हेही आधीच सांगून ठेवतो. फायदा एवढाच, पण मोठा आहे: जायरोची (वळण मोजणाऱ्या सेन्सरची) चूक तासागणिक वाढत जाते, याची तशी साचत नाही. तुमच्याकडे आरटीके (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएस) असेल तर त्याच्या दोन-तीन सेंटीमीटरपुढे आमचं काही चालत नाही, बॅकअप म्हणून घ्या, नाहीतर पैसे वाचवा.

एक अडचण अशी की आभाळाचा पॅटर्न उत्तरेला आणि दक्षिणेला तोंड असताना सारखाच दिसतो, म्हणून कुठली बाजू खरी ते ठरवायला वर छोटा उजेड मोजणारा डोळा बसवलाय, त्यावर स्टिकर चिकटवू नका. (एकांनी चिकटवला होता, ट्रॅक्टर मागे फिरवत बसले.)

कुठे चालत नाही: प्लॅस्टिक कव्हरखाली अजिबात नाही, कारण ताणलेलं प्लॅस्टिक कंपनांची दिशाच बदलून टाकतं. मांडवावरच्या बागेत वर आभाळ दिसत नाही, तिथेही नाही. जून ते सप्टेंबरच्या गच्च ढगात भरोसा ठेवू नका, पातळ ढगात चालतं. आणि मेच्या २०-२१ तारखेच्या सुमारास किंवा जुलैच्या चौथ्या आठवड्यात नाशिकला सूर्य दुपारी जवळपास डोक्यावर येतो, तेव्हा त्याची दिशा काही मिनिटांत पूर्वेची पश्चिम होते. त्या दिवसांत साडेअकरा ते दीड बंद ठेवा. तेव्हा आपली खरी दुपार घड्याळाच्या १२ ला नाही, साडेबारानंतर होते, हे विसरू नका. ऑक्टोबर छाटणीनंतरची फवारणी सकाळ-संध्याकाळ असते, आणि तेव्हाच हा सगळ्यात चांगला चालतो.

मेंटेनन्स: बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा) निळा थर काचेवर बसला की रीडिंग उड्या मारतं. ओल्या मऊ फडक्याने पुसा, उपरण्याने घासू नका, ओरखडे पडले की काच बदलावी लागेल.

डेमो शनिवारी सकाळी ७ ते ९, तुमच्याच बागेत. आभाळ भरलेलं असेल तर आम्ही फोन करून रद्द करू.